पेपरमिंटचं पाप

झीलंड या डच प्रांतातल्या आमच्या गावात पाप करायची फारशी सोय नाही, त्यामुळे आहे तेवढंच लोक जपून वापरतात. चर्चमध्ये चारशे माणसं बसतात. प्रभूभोजनाच्या टेबलाशी, येशूच्या स्मरणाची भाकरी घ्यायला, उठून जातात ती नऊ. बाकीचे स्वतःला अपात्र समजतात, आणि त्या नऊ जणांना त्याहून अपात्र.

एक्क्याऐंशी वर्षांच्या माट्येला मरायच्या आधी एकदा त्या टेबलाशी बसायचं होतं. चर्चच्या पंचांपैकी एक, इझाक, तिच्याकडे कॉफी प्यायला आले नि म्हणाले, "माट्येबाई, कुणाशी वैर असेल तर आधी मिटवा."

वैर होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, उपदेशाचा दुसरा मुद्दा सुरू होताना, शेजारीण पिटर्नेलानं रिवाजाप्रमाणे बाकावर पेपरमिंटच्या गोळ्या फिरवल्या आणि माट्येला तेवढं वगळलं. तेव्हापासून अबोला.

शनिवारी सकाळी माट्ये पिटर्नेलाच्या दारात उभी राहिली. "पिटर्नेला, मी तुला क्षमा केली."

"कशाची गं?"

"पेपरमिंटची."

"कुठली पेपरमिंट?"

माट्येला धक्काच बसला. एकोणीस वर्षं सांभाळलेलं पाप, आणि करणारीलाच पत्ता नाही!

"संपल्या असतील गं गोळ्या," पिटर्नेला म्हणाली. "पण तू बोलणं टाकलंस. आमचे हे गेले तेव्हासुद्धा आली नाहीस. ते मात्र माझ्या चांगलं लक्षात आहे."

क्षमा द्यायला आलेल्या बाईवर ती मागायची पाळी आली. माट्येनं पायपुसण्यावर बूट घासले. मग दाढ दुखत असल्यासारखी म्हणाली, "चुकलं माझं."

"चुकलंच. ये आत. बूट काढ, फरशी आत्ताच पुसलीय."

रविवारी चर्चमध्ये माट्ये बाकावरून उठली. सगळ्यांच्या माना वळल्या. तिसऱ्याच पावलाला ती अडखळली, तशी पिटर्नेलानं धावत येऊन तिचा दंड धरला आणि टेबलापर्यंत नेलं. तिथून ती माघारी वळणार, तर माट्ये हात सोडेना.

"सोड गं! मी कुठली लायक?"

"मी तरी कुठं आहे? बस."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतायत आधीच."

ताट समोर आलं. पिटर्नेला इझाककडे बघून पुटपुटली, "मी नुसती हिला धरायला आलेय हो."

"मग धरा की," इझाक म्हणाले. "दुसरा हात मोकळाच आहे ना?"

पिटर्नेलानं त्या हातानं भाकरीचा तुकडा उचलला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गावाचं मत असं की सर्दी असावी.