एक बिल्ला कमी

बिल्ला सापडला तो वडिलांच्या माळावर घालायच्या कोटात, चर्चच्या कोटात नव्हे. इशबेलला आधी खटकलं ते हेच.

शिशाचा, लंबगोल, अंगठ्याच्या नखाएवढा. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर प्रभुभोजन वर्षातून दोनदा होई. त्या मेजाशी बसायचं तर शनिवारी चर्चच्या पंचांकडून असा बिल्ला घ्यायचा आणि रविवारी तो त्यांनाच परत द्यायचा. पंचांनी ज्याच्या श्रद्धेची नीट चौकशी केली असेल, त्यालाच तो मिळे. तिच्या वडिलांनी, टॉर्मडनी, कधी विचारणाच केली नव्हती. आयुष्यभर मागच्या बाकावर बसले आणि तीन आठवड्यांपूर्वी गेले.

मग हा त्यांच्याकडे आला कुठून?

बिल्ला एकदाच हरवला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. सव्वीस वर्षांपूर्वी रविवारच्या मोजणीत एक कमी भरला. चर्च झाडायचं काम डोलिनाचं, किल्लीही तिच्याकडे. तिला तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त किल्ली परत मागितली. पुढच्या प्रभुभोजनाला डोलिना मेजाशी गेली नाही, आणि त्यानंतर कधीच नाही. गावाने त्यातूनही हवा तो अर्थ काढला.

इशबेलने बिल्ला मुठीत धरला आणि तिला वडिलांचे गुरुवार आठवले. प्रभुभोजनाच्या आठवड्यातला गुरुवार उपासाचा. त्या दिवशी दुपारी ते माळावरच्या जुन्या उन्हाळी झोपडीकडे एकटे जात आणि अंधार पडायच्या आत परत येत. लोक म्हणत, तिथे बाटली असणार. बारा वर्षांची असताना इशबेल लपतछपत मागे गेली होती. बाटली नव्हती, बाई नव्हती. गुडघ्यांवर हात ठेवून ते गवताच्या बाकावर नुसते बसले होते. ओले मोजे घेऊन ती हिरमुसली होऊन घरी आली होती.

आता तिच्या मनात आलं, चोरही असाच बसत असेल.

आजही तोच गुरुवार होता. चर्च सुटल्यावर ईव्हर आला. तो पंचांपैकी एक, वडिलांचा जुना मित्र. दफनापासून रोज येत होता आणि रोज विचारत होता, कपड्यांचं काय करणार, मी घेऊन जातो, कोटबिट द्यायला माणसं आहेत. इतके दिवस तिला तो चांगुलपणा वाटला होता. आज तिने बिल्ला टेबलावर ठेवला.

हे काय, असं त्याने विचारलं नाही. तिने तेवढं पाहून ठेवलं.

"दे इकडे," तो म्हणाला. "बाकीच्यांत टाकून देतो. कोणाला कळायचं नाही."

"बाबांनी चोरला?"

"टॉर्मडने? दुसऱ्याची सुतळी उचलणारा माणूस नव्हता तो."

"मग दिला कोणी?"

ईव्हर खुर्चीत बसला. टोपी त्याने मांडीवर घेतली आणि तिची कड बोटांनी चाचपत राहिला. हळूहळू बाहेर आलं ते असं. तो तेव्हा नवाच पंच झाला होता. टॉर्मड आपल्या सगळ्यांपेक्षा पात्र आहे अशी त्याची खात्री होती, म्हणून शनिवारी दारात, कोणाला न विचारता, त्याने हा बिल्ला टॉर्मडच्या हातात कोंबला. उद्या ये म्हणाला. टॉर्मड आला नाही. सोमवारी बिल्ला परत करायला आला, पण तोवर मोजणी झाली होती आणि पाळकांसमोर ईव्हरने सांगून टाकलं होतं, की माझ्याकडचे सगळे बिल्ले यादीतल्यांनाच गेले. आता परत घ्यायचा तर खोटं बोललो हे कबूल करायचं. पुढच्या वेळी सांगतो, असं तो टॉर्मडला म्हणाला. पुढची वेळ येईपर्यंत डोलिनाची किल्ली गेली होती.

जे विचारायची तिला भीती होती ते इशबेलने विचारलं. "डोलिनाचं बाबांना ठाऊक होतं?"

"दर उपासाच्या गुरुवारी वर जाताना माझ्या फाटकाशी थांबायचा. आज सांगतोस का, म्हणायचा. मी नाही म्हणून मान हलवायचो. तो वर जायचा. सांगणं तुझं आहे, मी सांगितलं तर ती चहाडी, असं त्याचं म्हणणं."

"आणि तिचं काय?"

ईव्हरने टोपी मांडीवर उलटी केली. मग म्हणाला, "उद्या प्रश्नाचा दिवस आहे, चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचा. खऱ्या विश्वासणाऱ्याची खूण काय, यावर यंदा मला बोलायचंय. तू आत्ता तोंड उघडलंस तर माझं जाईल ते जाईल, पण तुझ्या बापाचंही नाव जाईल. एका बाईला चोर ठरू दिलं त्याने, असंच म्हणतील."

हे खरं होतं. म्हणूनच तिला त्याचा जास्त संशय आला.

तो गेल्यावर तिने वडिलांचा कोट अंगावर चढवला, बिल्ला खिशात टाकला आणि ती माळावर गेली. झोपडीचं छत कधीच बसलं होतं. बाक शाबूत होता. ती बसली. वडिलांची बाजू घ्यावी असं तिला फार वाटत होतं, आणि त्यांनी दिलेलं कारण वाईट नव्हतं. पण चांगल्या कारणाच्या आडोशाला माणूस किती वर्षं सुखाने राहू शकतो, हेही तिला कळत होतं. सुखाने की कसं, कोण जाणे. तासाभराने तिने मान वर केली. बाकावरून खालच्या गावातलं एकच घर दिसत होतं, डोलिनाचं. लहानपणी ती वडिलांकडे बघत राहिली होती. ते कुठे बघताहेत हे तिने पाहिलंच नव्हतं.

ती उतरली ती सरळ त्या घरी.

"टॉर्मडची पोर ना तू? ये, चहा टाकते," डोलिना म्हणाली. ऐंशीच्या घरातली, ताठ. चहा हातात पडला असता तर बोलणं जड गेलं असतं, म्हणून इशबेलने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बापाला वगळलं नाही.

"त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

डोलिनाने किटली चुलीवरून उतरवली. "बाहेर थांब. मला जरा बसू दे."

या बेटावर चहा न देता कोणाला दाराबाहेर काढत नाहीत. इशबेल दगडी कुंपणाशी उभी राहिली. आत काही वाजलं नाही, रडणं ऐकू आलं नाही. म्हातारी दार उघडणारच नाही, असं तिला वाटू लागलं. मग वाटलं, मागच्या दाराने शेजारी गेली असेल, आणि आता सारं गाव इथे गोळा होईल. मग वाटलं, आपण हे डोलिनासाठी केलं, की स्वतःचं ओझं उतरवायला?

अर्ध्या तासाने डोलिना बाहेर आली. डोक्यावर रविवारची काळी टोपी.

"तुला सांगते," ती म्हणाली, "केराबरोबर मीच तो लोटला असेल, असं वाटायचं मला. कधीकधी तर वाटायचं, मीच घेतला असेल आणि विसरले असेन. स्वतःचाच संशय. असल्या मनाने मेजाशी कशी जाणार?"

इशबेलने माफी मागायला तोंड उघडलं.

"तू नको मागूस. तुझ्या बापाला मी अजून माफ केलेलं नाही. बघेन. सव्वीस वर्षं एकटा बसून त्याला जे जमलं नाही, ते मला अर्ध्या तासात जमायचं नाही. ईव्हरकडे चल. मी काही बोलणार नाही. उद्या उभा राहून काय बोलायचं, ते त्याचं त्याला ठरवू दे. आजची रात्र आहे त्याच्याकडे."

ईव्हरच्या फाटकापाशी डोलिनाने हात पुढे केला. उतार होता, म्हणून इशबेलने आधाराला आपला हात दिला.

"हात नको," डोलिना म्हणाली. "बिल्ला."

इशबेलने तो तिच्या तळव्यावर ठेवला.