अर्धा कोयता

"अर्धा कोयता मी घेत न्हाई, रतनमावशी. सोमनाथ एकटा येऊन काय करील? तोडल्यावर मोळ्या कोण बांधील?"

मुकादम बंकट ओट्यावर बसून बोलत होता. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गेली चार वर्षं रतनबाईचा लेक सोमनाथ आणि सून मोहिनी मिळून एक कोयता होते. यंदा मात्र मोहिनी गावच्या आरोग्य उपकेंद्रात जात होती. बेकार पोरांना सहा महिने सरकारी कचेरीत काम शिकवायची योजना निघाली होती, तिच्यात तिचा नंबर लागला होता. तीन महिने झाले होते, तीन उरले होते. मध्येच सोडलं तर प्रमाणपत्र नाही आणि पुन्हा अर्जही नाही.

मोहिनी दारात उभी होती. "जाऊ द्या आत्या, मी जाते तोडीला. तीन महिन्यानं ते बी घरीच पाठवणार हायेत. पक्की नोकरी थोडीच हाय?"

रतनबाईलाही ते ठाऊक होतं. पण मागच्या आठवड्यात ती गोळ्या आणायला उपकेंद्रात गेली, तेव्हा मोहिनीनं "रतनबाई गहिनीनाथ सानप" असं परक्यासारखं नाव पुकारलं होतं. सासू म्हणून नंबराआधी आत घेतलं नव्हतं. खरं तर रतनबाईला राग यायला हवा होता. ती मात्र कौतुकानं गल्लीभर सांगत सुटली होती.

"मी येते," ती बंकटला म्हणाली. "मोळ्या मी बांधीन. म्हातारा हाय शेळ्यांपाशी."

"आई, तुजी कंबर?" सोमनाथ म्हणाला.

"कंबर माजी हाय. तू कशाला बोलतो?"

दोन दिवसांनी सकाळी ट्रॅक्टर आला. मोहिनीला हजेरीची वेळ गाठायची होती. ती पाया पडली आणि रडायलाच लागली. "असल्या तोंडानं पेशंटाची नावं लिवणार का? जा, उशीर हुईल," असं म्हणत रतनबाईनं तिला पिटाळलं.

बंकट वही उघडून नावं वाचू लागला. "सोमनाथ, मोहिनी."

रतनबाई ट्रॉलीपाशीच थांबली. "तिचं नाव खोड."

"मागच्या सालची यादी हाय, मावशी. नाव कोणाचं बी असू दे, ऊस तुटल्याशी मतलब."

"ती हापिसात सही करती. तुज्या वहीत तिचं नाव ठिवायचं न्हाई. खोड, मग चढते."

माणसं खोळंबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बंकटनं पुटपुटत रेघ मारली. रतनबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वही हातात घेतली आणि खोडलेल्या अक्षरांवर बोट ठेवून सोमनाथला विचारलं, "ह्येच ना?"

त्यानं मान हलवली. तिथं तिचं स्वतःचं नाव लिहून होईपर्यंत ती जागची हलली नाही.

मग ती ट्रॉलीवर चढायला गेली, तर गुडघा वर येईना. सोमनाथनं तिला काखेत धरून वर घेतलं आणि तोंड फिरवलं. रतनबाईनं पदर नीट केला, बायकांना जरा सरकायला सांगितलं आणि सुनेच्या जागेवर बसली.