तीन सुऱ्यांचं एक पातं

"काय कापणार?" लोहारानं विचारलं. पातं कशासाठी हवंय हे कळल्याशिवाय तो भट्टी पेटवत नसे. पुढ्यात साक्षात राजा येऊन उभा राहिला असता तरी त्यानं हेच विचारलं असतं.

"मटण," ती म्हणाली. "हाडासकट."

तिनं पिशवीतून बापाच्या तीन सुऱ्या काढून ऐरणीवर ठेवल्या. चाळीस वर्षं धार लावून लावून त्यांची पाती बोटाएवढी उरली होती. बाप खाटीक होता. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या धाकट्या भावानं, म्हणजे तिच्या सख्ख्या चुलत्यानं, भरदुकानात भांडता भांडता शटर ओढायचा गज त्याच्या डोक्यात घातला. एकदा नाही, तीनदा. माडीवरून धावत आलेल्या लेकीनं तिसरा घाव पाहिला. रांगेतल्या पाच गिऱ्हाइकांनी मात्र एका सुरात सांगितलं, ओल्या फरशीवरून पाय घसरला. एकटीचं कोण ऐकतं? चुलता सुटला आणि बापाच्याच ठोकळ्यावर मटण तोडू लागला. हे पातं त्याच्यासाठी होतं.

लोहारानं तिनं आणलेलं पात्याचं चित्र न्याहाळलं. "ताई, हे तर भोसकायचं दिसतंय."

"हाडालगत फिरवायला निमुळतंच लागतं. खाटकाची लेक आहे मी, मामा. मला शिकवू नका."

"बरं बाई. माशाला पोहायला कोण शिकवणार! मुठीपुढे आडवी पट्टी घालू? म्हणजे हात पुढे घसरत नाही."

तिला माहीत होतं, अशी पट्टी असते खंजिराला. हो म्हटलं की बिंग फुटणार. "मटणाच्या सुरीला पट्टी? लोक हसतील."

"हसू देत. बोटं तर राहतील."

"नको म्हटलं ना."

सुऱ्यांचे तुकडे आणि नरम लोखंडाच्या पट्ट्या त्यानं एकाआड एक रचून तारेनं आवळल्या. नुसतं कडक पोलाद काचेसारखं तुटतं, नुसतं नरम वाकतं, दोघांना एका घरात नांदवायचं तर बडवावंच लागतं, असं तो म्हणाला. जोड धरावा म्हणून टाकणखार शिंपडला. गठ्ठा पिवळाधमक होऊन बाहेर आला तसा तिनं घण मागितला.

पहिल्याच घावाला ठिणग्यांचा फवारा उडाला आणि तिच्या दंडावर फोड उठले. ती थांबली नाही. प्रत्येक घावाला तिला ऐरणीवर कवटी दिसत होती. आधी बापाची दिसली, मग चुलत्याची, आणि ती दिसायला लागल्यावर घणाला आपोआप वजन आलं.

"अहो ताई!" लोहार ओरडला. "जोडायचंय त्याला, जिवे नाही मारायचं!"

पंधरा दिवसांनी पातं आम्लातून निघालं तेव्हा त्यावर काळ्या-करड्या लाटा उमटल्या होत्या. बापाचं पोलाद काळं दिसत होतं. तिनं मूठ आवळून पाहिली. हातात चपखल बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती दुकानात शिरली. रांगेत चौघंजण होते. चुलत्यानं मान वर केली. "आलीस? बस. चहा सांगतो."

"चहा प्यायला नाही आले."

ठोकळ्याला वळसा घालून तिनं पातं त्याच्या कुशीवर रोखलं आणि सगळं अंग त्यामागे लोटून दिलं. त्याच क्षणी तो वळला. टोक बरगडीवर अडकलं. पातं थांबलं, हात मात्र थांबला नाही. घामेजलेल्या मुठीवरून तो सरकला आणि चारही बोटं धारेवरून पुढे गेली. दुखलं नाही. बोटं मिटेनात, एवढंच कळलं. मग रक्ताची चिळकांडी उडाली आणि पातं फरशीवर खणखणलं.

चुलत्यानं सत्तूर उचलला. रांग भिंतीला चिकटली.

"घाल," ती म्हणाली. "तुला सवय आहे."

त्याची नजर तिच्या हाताकडे गेली. सत्तूर टाकून त्यानं तिचं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि तिला खाली बसवलं. "शीर तुटलीय. गाडी आणा रे कुणीतरी, तमाशा काय बघताय!"

"सोड."

"नाही सोडत."

"सोड, हरामखोरा!"

"सोडला तर गाडी यायच्या आत खेळ आटपेल तुझा. जनावरं कापण्यात जन्म गेला माझा, मला शिकवू नको."

तिच्या डाव्या हाताला पातं सापडलं. तिनं ते त्याच्या दंडात खुपसलं. तो बैलासारखा हंबरला, आईवरून शिवी हासडली, पण पकड ढिली झाली नाही. तिला ती व्हायला हवी होती. त्यानं हात सोडून दिला असता तर तो नुसता खुनी उरला असता.

तिनं पातं उपसून पुन्हा उचललं.

"मार," तो धापा टाकत म्हणाला. "पण याच दंडात मार. दुसरा गेला तर दाबायला हात उरायचा नाही."

तिनं त्याच दंडात मारलं.

दवाखान्याच्या दारात हवालदारानं वही उघडली. "कसं झालं हे?"

"मटण तोडताना सुरी सुटली," चुलता म्हणाला. "घरातलंच आहे."

"सुटली नाही," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी मारली. याला मारायलाच करून घेतली होती. आणि आठ महिन्यांपूर्वी यानं माझ्या बापाला मारलं. दोन्ही लिहा."

हवालदारानं चुलत्याकडे पाहिलं. त्याची बोटं तिच्या मनगटावर आखडून गेली होती आणि नर्स ती एकेक करून सोडवत होती.

"आधी हिचा हात शिवा," तो म्हणाला. "मग लिहा. दोन्ही."