रिकाम्या खुर्चीतला दादा

बारक्याचा दादा चांगला ठणठणीत होता. गाद्यांच्या दुकानात दिवसभर उभा राहून गिऱ्हाइकांना हसवत होता, दोन्ही वेळ पोटभर जेवत होता आणि झोपला की घोरत होता. पण विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, तो मेलेला होता. त्याला मारलं होतं बारक्यानं, त्याच्या सख्ख्या धाकट्या भावानं. नुसत्या तोंडानं मारलं होतं, पण मारलं होतं हे खरं.

त्याचं झालं असं. त्या प्रयोगशाळेत सगळे माणसाच्या भावनांवर पीएचडी करणारे. बारक्या त्यातला सर्वांत नवा. घरी त्याला बारक्या म्हणत, आपणही तेच म्हणू. सर्वांत जुनी होती ताई. ती सगळ्यांचीच ताई, कारण कोणाचंही डोकं दुखलं तरी गोळी तिच्याच पर्समधून निघायची. ताईचा विषय होता रिकामी खुर्ची. उपचाराची एक पद्धत आहे तशी. माणसासमोर खुर्ची ठेवायची, जो जवळ नाही तो तिच्यात बसलाय असं समजायचं आणि पोटातलं सगळं त्याला सांगून टाकायचं. ताईला चित्रीकरणासाठी कोणीतरी हवं होतं. बारक्या हो म्हणाला.

"नाटक नको हं," ताईनं बजावलं. "लहानसं असलं तरी चालेल, पण खरं दुखणं आण."

आणि त्यानं खरं दुखणं आणलंही होतं. त्याला दादाची लाज वाटायची. बारक्याच्या पदवी समारंभात दादानं भर सभागृहात शिट्टी मारली आणि मग एकेका प्राध्यापकाला गाठून "सर, कंबर दुखते का?" असं विचारत दुकानाची कार्डं वाटली. त्या दिवसापासून बारक्या त्याचे फोन टाळत होता. हेच बोलायचं ठरवून तो बसला. पण समोर ताई, तिच्या डोळ्यांत ही एवढी माया, आणि याच्या मनात आलं, सख्ख्या भावाची लाज वाटते म्हटलं तर ही मला काय समजेल? घ्या, गड्याला लाजेचीच लाज वाटली! मान खाली गेली आणि तोंडातून निघालं, "माझा दादा... आता नाहीये."

ताईनं हलकेच खुर्ची पुढे सरकवली. "सांग त्याला," म्हणाली.

मग बारक्या जो रडला, की काही विचारू नका. "दादा, माझ्या वाटचा मार तू खायचास. एकदाही तुला विचारलं नाही, लागलं का म्हणून. मला माफ कर रे," असं म्हणून तो खुर्चीच्या हाताला धरून हुंदके देत राहिला. दादाचं मरण खोटं होतं, हे रडणं मात्र अस्सल होतं.

उद्या सांगून टाकू, असं तो स्वतःला म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागले. चहाचा पहिला कप त्याला, खिडकीजवळचं टेबल त्याला. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं. बघता बघता ताईच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या रडण्यावर उभं राहिलं, आणि मग तर सांगायची सोयच उरली नाही.

शेवटी ते चित्रीकरण सगळ्या विभागाला दाखवायचा दिवस उजाडला. अंधार केलेल्या खोलीत पडद्यावर बारक्या रडत होता आणि पुढच्या रांगेत बसून बारक्याच घामानं भिजत होता. ताईच्या सरांनी चित्र मध्येच थांबवलं. "इथं बघा. मान खाली, नजर जमिनीला. निखळ दुःख!" म्हणाले. बारक्याचा स्वतःचा विषय होता लाज. मान अशी कशानं झुकते ते त्याला पाठ होतं. पण सरांना सांगणार कोण, आणि कुठल्या तोंडानं?

दिवे लागले. कोणी नाक पुसत होतं, कोणी चष्मा. ताई उठून बारक्याकडे यायला निघाली आणि दाराशी थबकली. तिथं हातात पिशवी घेऊन एक माणूस उभा होता.

दादा! दुकानाच्या मालासाठी तो शहरात आला होता. बारक्या फोन उचलेना, म्हणून विचारत विचारत वर आला होता. केव्हा आत आला कोण जाणे, पण डोळे लालबुंद झाले होते.

बारक्या खुर्चीतच खाली सरकला.

"आपण कोण?" ताईनं विचारलं.

दादानं बारक्याकडे पाहिलं. बारक्यानं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एक शब्द पुरेसा होता. पण हा लेकाचा आपल्या बुटांच्या नाड्या बघत बसला.

"मी होय? मी शेजारी यांचा," दादा म्हणाला. "याच्या आईनं स्वेटर पाठवलाय, तो द्यायला आलो."

"म्हणजे याच्या दादाला ओळखत असाल तुम्ही."

"ओळखायचो की. गाद्या विकायचा. माणूस बरा होता, बडबड तेवढी फार."

"याच्यावर फार जीव असेल ना त्यांचा?"

"होता," दादा म्हणाला. त्यानं पिशवी ताईच्या हातात दिली आणि तो बाहेर पडला.

बारक्या धावत सुटला. दादा जिना उतरत होता. एरवी जिन्यातसुद्धा अनोळखी माणसाशी गप्पा जोडणारा दादा आज भिंतीला धरून कडेकडेनं चालला होता. खालच्या पायरीवर थांबून त्यानं मागे पाहिलं.

"शेजारी म्हटलं ते चाललं ना रे? तुझी परीक्षा-बिरीक्षा नव्हती ना? काही बिघडलं नाही ना माझ्यामुळं?"

बारक्याला वाटलं, यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दादा, मी..."

"तुला माझी लाज वाटते ते कळतं रे मला. शिट्टी मारली तेव्हाच तुझं तोंड बघितलं होतं मी. मग तोंडावर सांगायचंस. गप्प बसलो असतो. मारलंस कशाला?"

बारक्यानं दादाचं मनगट धरलं. "चल वर," म्हणाला.

"अरे, राहू दे. तुझंच नुकसान होईल."

"चल म्हणतो ना!"

वर खोली रिकामी झाली होती. ताई एकटीच वायरी गुंडाळत होती. बारक्यानं दादाचा हात सोडला नाही.

"ताई, हा माझा दादा. मला एकच दादा आहे. याची मला लाज वाटायची, आणि ते तुला सांगायची त्याहून जास्त लाज वाटली. म्हणून तसं म्हणालो. तुझं ते प्रकरण... ते काढून टाकावं लागेल. सरांना मी आत्ता जाऊन सांगतो."

ताईच्या हातातली वायर सुटून पडली. तिनं बारक्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती दादाकडे वळली.

"आम्ही सगळे रडलो हो तुमच्यासाठी," ती म्हणाली.

"मी पण रडलो, ताई," दादा म्हणाला.