एक जानेवारीच्या बायका

"उभ्या राहा ना ताई, लोकांना दिसू द्या," असं सॉफ्टवेअर कंपनीचा धर्मेंद्र माईकमध्ये म्हणाला तेव्हा कहकशाँच्या तोंडात समोसा होता.

तो तसाच गालात दाबून ती उठली. सभागृहात विभागातल्या पाचही जिल्ह्यांचे ऑपरेटर बसले होते. पडद्यावर निळ्या अक्षरांत होतं: आवृत्ती चार, नवीन काय आहे? खाली सहा ओळी. तिसऱ्या ओळीवर धर्मेंद्रने लाल ठिपका नाचवला. 'वऱ्हाडी नावांची आपोआप जुळणी.'

"ही ओळ म्हणजे ताईंची वही. आमच्या पुण्याच्या पोरांनी दोन वर्षं डोकं फोडलं असतं तरी हे सुचलं नसतं."

टाळ्या पडल्या. कहकशाँ जिभेवर बसेना म्हणून चौदा वर्षं तिला 'कक्षा मॅडम' म्हणत आलेले बडे बाबू किसनराव, त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या.

"आता तुले परमनंट करतीन वो," शेजारची मोनाली कुजबुजली.

"करतीन ना. मयतीच्या आदल्या दिवशी."

असं म्हणाली खरी, पण कान तापले होते. खोटं कशाला बोला, त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी पायी नाही, ऑटोने घरी गेली.

नवीन: वेगवेगळ्या विभागांच्या याद्या आता एकाच ठिकाणी जोडल्या जातील.

जोडणं हे तिचं चौदा वर्षांचं काम. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. पाऊस दडी मारो, गारपीट होवो, कपाशीत अळी शिरो, त्या वर्षांत वावरात काही उगवलं नाही तरी कचेरीत मदतीची यादी उगवायचीच. रेशनची यादी, कृषीची यादी, तहसीलीची यादी. एकच माणूस पाच याद्यांत पाच नावांनी बसलेला असायचा आणि पाच माणसं कधी एकाच नावात कोंबलेली. कोण कोणाचा कोण, हे कहकशाँ ठरवायची. ठरेना तेव्हा गावात फोन लावायची. "हॅलो, तुमच्या गावात भागीरथा किती हायेत? दोन? त्यातली बुटकी कोनती?" मग शेऱ्याच्या रकान्यात टाइप करायची: ही ती नाही.

कळलेलं सगळं एका जाड वहीत लिहायची. राव, जी, बाई, बी हे मानाचे शब्द, नावाचा भाग धरू नयेत. आमच्याकडे ळ चा य होतो. टाकळी आणि टाकयी एकच. धर्मेंद्र मूळचा अकोल्याचा, पण पुण्यात राहून जीभ धुऊन आलेला. तीन आठवडे तो तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसला आणि वहीतलं एकेक वाक्य यंत्राला शिकवत गेला. पहिल्या चाचणीला कहकशाँने आपल्या बापाचं नाव टाकलं. गुलाम नबी. यंत्राने 'बी' मानाचा शब्द समजून छाटला आणि पडद्यावर उरलं, गुलाम न.

"माह्या अब्बाची अर्धी मान कापली की रे तू!"

धर्मेंद्र पोट धरून हसला आणि जागच्या जागी अपवाद टाकला. नबीला हात लावू नये.

नवीन: शेऱ्याचा रकाना काढण्यात आला आहे. त्यामुळे वेग चौपट.

नवीन: जन्मतारीख जुळल्यास खात्रीचे प्रमाण आपोआप वाढेल.

टाळ्यांनंतर बाराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिच्या टेबलासमोर दोन म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या. एक काटकुळी, एक ठेंगणी. बार्शीटाकळी तालुक्यातल्या. दुसऱ्याच्या वावरात निम्म्या वाट्याने, बटईने, भाजी लावायच्या आणि बाजारात बसून विकायच्या. तहसीलीतून त्यांना अकोल्याला पाठवलं, अकोल्याहून इथे अमरावतीला, विभागाच्या कचेरीत.

"कक्षा मॅडम कोन हाय?" काटकुळीने विचारलं.

"मीच. बसा मावशी."

"बसाले नाई आलो. हिचा अन् माहा एकच जीव करून ठेवला तुमी. तो सोडवून दे."

काटकुळी ती जाईबाई सूर्यभान इंगळे. ठेंगणी ती जायाबाई सूर्यभान इंगळे. नवरे चुलत भाऊ. आजा सूर्यभान मेला तेव्हा त्याच्या दोन्ही लेकांनी आपापल्या थोरल्या पोराला त्याचंच नाव ठेवलं. आजा दोघांचा, मग मागे कोण हटणार? गाव त्यांना वस्तीवरून वरच्या वेटाळातला सूर्यभान आणि खालच्या वेटाळातला सूर्यभान म्हणायचं आणि गावाचं कधी काही अडलं नाही. वरचा सूर्यभान, जाईबाईचा, दम्याने खोकत का होईना, पण घरी होता. खालचा, जायाबाईचा, तीन वर्षांपूर्वी गेला.

या महिन्यात जायाबाईने रेशनच्या दुकानात अंगठा लावला आणि मशीन बोललं की धान्य आधीच उचललं.

"कोनी उचललं? तं म्हने जाईबाईनं," जाईबाई स्वतःच्या छातीवर हात मारून म्हणाली. "साऱ्या गावात मले चोट्टी म्हनून राहिले. मी हिले रोज अर्धं पीठ देते, तरी मीच चोट्टी!"

"रोज नाई," जायाबाई हळूच म्हणाली. "एक दिवसाआड."

"आयकलं? अठीसुद्धा हिशेब!"

कहकशाँने डबा बाजूला सारला आणि नोंद उघडली. दोन बायका, एक ओळ. शेजारी यंत्राने कारणं दिली होती. पतीचे नाव जुळले. गाव जुळले. स्वतःचे नाव जुळले, नियम सतरा. जन्मतारीख जुळली, एक जानेवारी एकोणीसशे चोपन्न. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.

नियम सतरा तिला वाचावा लागला नाही. वहीतलं पानच डोळ्यांपुढे आलं. 'जाई, जायी, जाया: बोलण्यात एकच. नाव एक धरावे.' तिच्याच अक्षरातलं, खाली रेघ मारलेलं. फरक इतकाच, की ती अशा जागी फोन लावायची. यंत्राला फोनची गरज नव्हती, त्याच्याकडे जन्मतारीख होती.

"मावशी, तुमचा जन्म एक जानेवारीचा?"

"कोनाचा?" जायाबाईने मागे वळून पाहिलं.

"तुमचा. कार्डावर तसं आहे."

"ते आधारच्या कॅम्पातल्या पोट्ट्यानं इचारलं, कवा जलमली? म्या म्हनलं, मले काय मालूम, मी ल्हान होती. मंग त्यानंच टाकलं काहीतरी. अन् सालाचं म्हने, जाऊचं चोपन्न तं तुहं बी चोपन्न."

"आमच्या गावातल्या साऱ्या बाया एकाच दिवशी झाल्या, बाप्पा," जाईबाई म्हणाली. "त्या सुइनीचं काय झालं असन त्या दिवशी!"

कहकशाँला हसू आलं आणि निम्म्यातच मेलं. हे तिला माहीत नव्हतं का? तिला माहीत नसेल तर कोणाला असेल! ज्याला तारीख ठाऊक नाही त्याला कॅम्पवाले एक जानेवारी द्यायचे आणि शाळेचे हेडमास्तर एक जुलै. ती स्वतः एक जुलैची होती. जन्मतारीख ही सरकारने वाटायची गोष्ट, जसं रॉकेल. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पाणी ओलं असतं, हे कोणी वहीत लिहून ठेवतं का?

तिने पुण्याला फोन लावला.

"ताई, जन्मतारीख तर आपण सगळ्यात पक्का पुरावा धरलाय," धर्मेंद्र म्हणाला.

"अरे बाबा, तालुक्यातल्या चाळिशीवरच्या निम्म्या बाया एक जानेवारीच्या आहेत."

"हे वहीत नव्हतं, ताई."

"नव्हतं."

"सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो."

"पुढच्या आवृत्तीत घेऊ. दिवाळीनंतर. तोवर 'वेगळे करा' वापरा ना, कारण निवडलं की होतं."

दिवाळीला पाच महिने होते. तिने 'वेगळे करा' दाबलं. चार कारणं उघडली. मृत्यू. स्थलांतर. पुनर्विवाह. पतीपासून विभक्त. 'या दोन वेगळ्या बायका आहेत' अशी ओळ नव्हती. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही.

ती उठून किसनरावांकडे गेली. ते पान चघळत होते.

"साहेबांना पत्र देऊ का, सर? जुळणी चुकली आहे."

"कक्षा मॅडम, टाळ्या वाजून पंधरा दिवस नाही झाले. चुकली म्हटलं तर कोणाची चुकली? नियम कोणाचा?" त्यांनी आवाज उतरवला. "कारण निवडा आणि मोकळ्या व्हा. तुमचा आदेश पुढच्या महिन्यात संपतो ना?"

ज्ञात अडचणी: नाहीत.

परत येऊन तिने म्हाताऱ्यांना चारही कारणं वाचून दाखवली.

"मंग मले मेली लिव," जायाबाई म्हणाली. "त्याच्यात काय?"

"तू काहून मरशीन? मोठी मी हाय, मी मरन."

"तुहा नवरा जिता हाय. त्याले भाकर कोन टाकन?"

"तो मले कवाचा म्हनते, मर म्हनून. खुश होईन."

"कोणी मरायचं नाही," कहकशाँ म्हणाली. तिचा आवाज चढला तशी मोनालीने मान वर केली. "इथं मेलं की सगळीकडे मेलं, मावशी. आता सगळ्या याद्या एकमेकींना बांधल्या आहेत. रेशन, दवाखाना, मतदान. मग जिवंत व्हायला वर्ष जातं."

नवीन: एका ठिकाणी केलेला बदल सर्व विभागांत तत्काळ पोहोचेल.

स्थलांतर केलं तर धान्य परगावी जाणार. राहिला पुनर्विवाह.

"करून टाक वो जाऊ," जाईबाई म्हणाली. "यष्टीत एक धोतरवाला कवाचा पाहून राहिला होता तुह्याकडे."

"तुह्याकडे पाहत होता."

"माह्याकडे काय पाहन, माह्यावर तं मास बी नाई!"

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मोनालीही हसली. मग चौथी ओळ तेवढी उरली आणि हसणं आपोआप थांबलं.

"विभक्त म्हणजे?" जायाबाईने विचारलं.

"म्हणजे तुम्ही नवऱ्यापासून वेगळ्या राहता. मग तुमची नवी नोंद होते, बापाच्या नावाने. गाव तेच राहतं. पुढच्या महिन्यापासून धान्य सुरू."

"म्हंजे मी त्याले सोडलं, असं?"

"कागदावर."

"त्यानं मले सोडलं, असं नाई लिवता येत? तीन वर्सं झाले ना."

कहकशाँने पडद्याकडे पाहिलं. चार ओळी होत्या तशाच होत्या. "तशी ओळ नाही, मावशी."

"मग माहं कर विभक्त," जाईबाई घाईने म्हणाली. "मले काय फरक पडते!"

"तुमच्या कार्डावर नवराबायको दोघं आहेत. तुम्हाला काढलं तर त्यांचंही बंद होईल." ती जायाबाईकडे वळली. "तुम्ही थांबता का? मी साहेबांना पत्र लिहिते. बडे बाबू नाही म्हणोत, मी लिहिते."

"कवापर्यंत थांबू?"

"दिवाळी धरा."

जायाबाईने बोटांवर महिने मोजले नाहीत. आषाढातली टंचाई तिच्या घरात आधीच शिरली होती, तिला मोजायची गरज नव्हती. तिने जाईबाईकडे पाहिलं. जाईबाईने मान दुसरीकडे फिरवली, कारण एक दिवसाआडचं अर्धं पीठ दोन घरांना पाच महिने पुरत नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

"लिव," जायाबाई म्हणाली.

"बापाचं नाव?"

"रामराव."

"माहेरचं आडनाव?"

तिला आठवायला वेळ लागला. "वानखडे. कौंडण्यपूरच्या अलीकडे, नदीच्या काठी गाव हाय आमचं. पन कोनीच नाई आता तठी."

कहकशाँने टाइप केलं. जन्मतारखेच्या चौकटीत एक जानेवारी आपणहून येऊन बसली. खाली कळ दाबायची होती. चौदा वर्षांत तिने लाखभर तरी माणसं जोडली असतील, तोडलं कोणाला नव्हतं. पुढच्या महिन्यातला आदेश तिला आठवला आणि आठवला म्हणून स्वतःची शिसारी आली. तिने कळ दाबली. पडद्यावर हिरवी खूण आली.

पावती छापून निघाली. जायाबाईने ती हातात घेतली, उलटी, मग कहकशाँने सुलटी करून दिली.

"वाच."

"जाया रामराव वानखडे."

"अजून एकडाव."

"जाया रामराव वानखडे."

"अं." ती जरा वेळ ऐकत राहिल्यासारखी उभी राहिली. "पन्नास वर्सं झाले या पोरीले कोनी हाक मारून." मग म्हणाली, "अन् सूर्यभान?"

नोंद अजून पडद्यावर उघडी होती. गावाच्या यादीत आता एकच इंगळे जोडपं दिसत होतं. सूर्यभान, पत्नी जाईबाई. खोटं बोलावं असं कहकशाँच्या मनात आलं, पण तिला बोलता आलं नाही.

"ते जाईबाईंकडे राहिले," ती म्हणाली.

जाईबाईने काही ऐकलंच नाही असं दाखवलं आणि पिशवीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली.

कहकशाँ त्यांना फाटकापर्यंत सोडायला खाली उतरली. तिची जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती. फाटकाशी रखवालदार बाहेर जाणाऱ्यांची वही घेऊन बसला होता.

"नाव?"

"जाईबाई सूर्यभान इंगळे."

त्याने लिहिलं. अंगठ्याला शाईचा डबा पुढे केला.

"तुमचं?"

जायाबाईने तोंड उघडलं. हातातली पावती तिने छातीशी धरली, जणू तो ती तपासणार होता. एकदा जाईबाईकडे पाहिलं, एकदा कहकशाँकडे.

"सांगा ना आजी. मांगं लाइन हाय."

"हिच्याच घरची," जायाबाई म्हणाली.

रखवालदाराने जाईबाईच्या नावाखाली 'वरीलप्रमाणे'चे दोन स्वल्पविराम ओढले आणि वही पुढच्या माणसाकडे सरकवली.