परसातलं पपनस

दर्शनाच्या हातातला चमचा वाटीच्या काठावर किणकिणला. सखुबाईनं पपनस सोलता सोलता मान वर केली. वाटीत दही होतं, पण दर्शना ते ढवळत नव्हती, नुसता चमचा धरून बसली होती. तरी तो वाजत होता.

“हात का गो थरथरतोय?”

“काय नाय. झोप नाय झाली.”

“दाखव बघू.”

“आये, तू सोल ना ते!” दर्शनानं हात ओढणीखाली घेतला. “तोंडाला पाणी सुटलंय माझ्या.”

सखुबाई पुन्हा सोलू लागली, पण मन काही त्या सालीत राहिलं नाही. दर्शना तिची एकुलती एक लेक. लग्नानंतर वर्षभरातच पोरीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा सखुबाईनं आपलं एक काढून दिलं होतं. तेव्हापासून लेकीला साधी शिंक आली तरी तिचा हात आपसूक स्वतःच्या कुशीवरच्या व्रणाकडे जायचा. आता तर दर्शनाला सहावा महिना लागला होता. आपण दिलेलं ते एवढंसं मांस आता दोन जिवांचं ओझं ओढतंय, या विचारानं सखुबाईला बसवत नसे आणि उभंही राहवत नसे.

जावई संदेश घोडबंदर रोडला राहायचा. तो दिवसभर ऑफिसात असल्यामुळे दर्शनाला माहेरी आणली होती, दिवा स्टेशनच्या पुढं खाडीच्या अंगाला. आजूबाजूला इमारती चढल्या होत्या. सखुबाईच्या सासऱ्यांची मिठागरं होती तिथं आता टँकरच्या रांगा लागत. ज्या आज्यानं उभा जन्म मीठ पिकवलं, त्याच्या नातीला मीठ बंद होतं. लोणचं बंद, पापड बंद, सुकी मासळी बंद. वर डोहाळे लागले ते नेमके आंबटाचे.

संदेश वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेवर कायम ‘नको’ असायचं. चिंच नको, बाहेरचं सरबत नको, कुणी दिलेला काढा तर नकोच. कॅप्सूलच्या वेळेला तो ऑफिसातून फोन करी. दिवस राहायच्या आधीच डॉक्टर मॅडमनी दर्शनाची एक गोळी बंद केली होती, कारण ती गर्भाला बाधते. तिच्या जागी दुसरी, बाळाला सोसणारी दिली. कॅप्सूल मात्र चालूच होती. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीरानं झिडकारू नये म्हणून ती जन्मभराची. पाचव्या महिन्यात मॅडमनी तीच वाढवली, तेव्हा सखुबाईला राहवलं नाही.

“पोटुशीला औषध कमी करायचं की वाढवायचं वो, मॅडम?”

मॅडम हसल्या होत्या. “आजी, पोटाबरोबर अंगातलं रक्तही वाढतं, त्यात औषध पातळ पडतं. आणि या दिवसांत शरीर ते भराभर संपवतं. पहिल्याएवढंच दिलं तर पुरणार नाही. किडनी जाईल.”

किडनी जाईल, हे शब्द सखुबाईच्या कानात अडकले ते अडकलेच.

परसात तिच्या सासूनं लावलेलं पपनसाचं झाड होतं. श्रावण लागला आणि फळं पिकली. डोहाळे मारले तर बाळाची लाळ गळते, असं तिची सासू म्हणायची. पपनस म्हणजे काही औषध नव्हे की काढा नव्हे. घरचं फळ, वर ना मीठ ना मसाला. दुपारी तिचा नवरा धाकू जेवून देवळाकडं पत्ते खेळायला गेला की मायलेकी परसदारी बसत. पांढरं जाड साल निघे, आतल्या गुलाबी फोडी दर्शना मटामटा खाई. संदेशला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर तो ‘नको’ म्हणणार, म्हणून.

हाताची थरथर दोन-चार दिवसांत इतकी वाढली की दर्शनाला केसांत पिन खोवता येईना. डोकं ठणकू लागलं. सखुबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसकाही आला नाही, तेव्हा तर ती फारच घाबरली. रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला आणि संदेश गाडी घेऊन धावत आला. औषधाचं रक्तातलं प्रमाण भलतंच चढलं होतं. तेवढ्यानंच मूत्रपिंडावर ताण आला होता.

ठाण्याच्या इस्पितळात मॅडमनी विचारलं, “डबल डोस घेतलास का गं कधी? विसरून?”

“नाही, मॅडम.”

“दुसरं काही औषध? काढा, झाडपाला?”

“काहीच नाही.”

दर्शनाच्या मनातसुद्धा फळाचं नाव आलं नाही, आणि सखुबाईच्याही नाही. मॅडमनी डोस बराच कमी केला. रक्त पुन्हा तपासायचं, किडनी सुधारली नाही तर दाखल करून सुई घालून तिचा तुकडा तपासायचा, असं सांगितलं.

परतताना गाडीत संदेश पुढं बघतच बोलला, “एक कॅप्सूल मोजून घेता येत नाही तुला?”

“मी बरोबर घेतलीये.”

“मग काय रक्तात आपोआप उगवली? आईनं काढून दिलेली किडनी आहे ती. दुकानातून नाही आणली!”

दर्शना खिडकीकडं तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. सखुबाईला वाटलं, जावयाला दोन शब्द ऐकवावेत. पण तिच्याही मनात पाल चुकचुकली होतीच. पोर विसरली असेल का? त्या दिवसापासून कॅप्सूल घेताना ती लेकीसमोर उभी राहू लागली. दर्शना गिळे, मग तोंड उघडून दाखवी. “बघ, आये. खाल्ली. आता जीभ पण उचलू?” ती चिडून म्हणे. आणि दुपारी, पोरीचं मन राखायला म्हणून, सखुबाई आणखी मोठं पपनस काढी.

पुढच्या वेळी ते इस्पितळात गेले तेव्हा सकाळपासून गर्दी होती. संदेश आणि दर्शना आत गेले. सखुबाई बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी तोंडाला मास्क लावलेले एक गृहस्थ होते, बाबुराव नावाचे, कळव्याचे. त्यांनाही घरच्याच माणसानं, बायकोनं, मूत्रपिंड दिलेलं. माणूस बोलका होता.

“आमच्या हिच्या हातचं मटण सुटलं, मावशी, त्याचं काही वाटत नाही,” ते म्हणाले. “पण गणपतीपुढं पपनस ठेवतात ना, त्याचा वास आला की जीव कासावीस होतो.”

“मग खावं की एखादी फोड.”

“छे छे! आम्हाला ते विषासारखं. मोसंबी चालते, पपनस नाही. ते खाल्लं की कॅप्सूल अंगात नको तेवढी चढते. माझे हात असे लटलटले होते, सही करता येईना. ऑपरेशन झालं तेव्हा सांगतात सगळं, पण तेव्हा ऐकायच्या शुद्धीत कोण असतं?”

बाबुराव आणखी काही बोलत होते, ते सखुबाईला ऐकू येईना. तेवढ्यात दार उघडलं. संदेश हसत बाहेर आला, दर्शनाही.

“आई, लेव्हल एकदम बरोबर आलीये! किडनीचा आकडा पण खाली यायला लागला. मॅडम म्हणाल्या, आता हाच डोस ठेवायचा. तपासणी एकदम पुढच्या महिन्यात.” मग दर्शनाकडं वळून तो म्हणाला, “बघ, नीट घेतलंस की होतं ना?”

दर्शनाचं हसू मावळलं.

गाडी निघाली. सखुबाई लेकीशेजारी मागं बसली होती. देवा, वाचवलंस, असं तिच्या मनात पहिल्यांदा आलं. उद्यापासून पपनस बंद. सगळी फळं उतरवून गावात वाटून टाकायची. आयाबाया विचारतील, तर म्हणायचं झाडाला कीड लागली. कुणाला काही कळायचं कारण नाही. गोष्ट इथंच मिटली.

पण ती मिटेना. मन सारखं मागं फिरत राहिलं. कळव्याच्या पुलावर गाड्या तटल्या. खाली खाडीचं पाणी ओहोटीला लागलं होतं, चिखल उघडा पडत होता. ते बघता बघता तिला सासऱ्यांची उघाडी आठवली. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं लाकडी दार. दोन उघाड्या होत्या. पाणी जास्त झालं म्हणून एक दार कुणी बंद करून गेला, आणि त्याला न विचारता दुसऱ्यानं दुसरं बंद केलं, की मीठ पिकवायच्या कोंड्या कोरड्या पडायच्या, तळाला भेगा जायच्या. सासरे अशा वेळी दोघांनाही शिव्या घालत.

मॅडमनी डोस कमी करून एक दार बंद केलं होतं. ते बंद करताना त्यांना दुसरं उघडं असल्याचं ठाऊक नव्हतं. आजचा तो बरोबर आलेला आकडा पपनसाच्या जोरावर उभा होता. उद्या आपण गुपचूप फळ काढून घेतलं तर औषध झरझर उतरणार, आणि तपासणी महिन्यानं. तोवर? किडनी जाईल. ते शब्द पुन्हा कानात वाजले.

तिनं व्रणावर हात दाबून धरला. सांगितलं तर जावई काय म्हणेल? आपणच दिलं आणि आपणच घालवायला बसलो होतो, हे पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं? पुढच्या गाडीचा दिवा विझला. रांग हलली.

“संदेशराव, गाडी फिरवा.”

“काय झालं, आई? काही विसरलं का?”

“फिरवा म्हणते ना! पूल संपला की पहिल्यांदा फिरवा.”

“अहो, पण—”

“तिनं कॅप्सूल बरोबरच घेतली होती. पहिल्यापासून. चूक माझी हाय.” तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. “मी तिला पपनस देत होते. रोज दुपारी. त्यानं औषध चढतं. आत्ता कळलं मना, त्या बाकावर. आता नुसतं बंद करून भागायचं नाय, मॅडमनी डोस कमी केलाय. त्यांना सांगायला पायजे.”

मागच्यानं हॉर्न दिला. संदेशनं स्टिअरिंगवर मूठ आपटली, “रोज? माझ्यापासून लपवून?” आणि मग एकाएकी त्यानं मूठ सोडली. आरशात त्याला दर्शनाचे डोळे दिसले असावेत. ती त्याच्याकडंच बघत होती.

“मला काय म्हणालेलास तू?” ती हळूच म्हणाली. “आपोआप उगवली?”

पूल संपल्यावर त्यानं गाडी फिरवली.

मॅडम निघण्याच्या तयारीत होत्या. सखुबाईनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मॅडम रागावतील असं तिला वाटलं होतं, पण त्या खुर्चीत मट्‌कन बसल्या. “आज सांगितलंत म्हणून बरं, आजी,” त्या म्हणाल्या. “हे औषध आतड्यातच थोडं वाया जातं, ते धरून आम्ही डोस देतो. या फळानं ते वाया जायचं थांबतं. आता फळ आजपासून बंद. त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांत उतरेल, तसा डोस वर न्यावा लागेल. रक्त मात्र एक दिवसाआड.”

संदेशनं विचारलं, “बाळाला काही?”

“बाळ ठीक आहे. किडनी ठीक राहिली तर बाळ ठीक राहील.”

दर्शनाला दाखल करून घेतलं. सखुबाई तिच्या खाटेशी बसली. पहिल्याच तपासणीत प्रमाण घसरलं, डोस चढवला. पुन्हा घसरलं, पुन्हा चढवला. प्रत्येक वेळी सिस्टर कागद घेऊन आली की सखुबाई आधी तिच्या चेहऱ्याकडं बघे आणि मग दाराकडं, जणू पळून जायला वाट हवी होती. संदेश दोन्ही वेळा जेवणाचा डबा घेऊन येई. दर्शनाशी तो फारसं बोलत नसे, पण डब्याचं झाकण काढून चमचा तिच्या हातात देई. कॅप्सूलच्या वेळेचा फोन त्यानं बंद केला होता.

अखेर एका सकाळी आकडा जागेवर येऊन थांबला. किडनीचाही पूर्वीइतका झाला. मॅडमनी घरी जायला सांगितलं.

घरी आल्यावर सखुबाई तडक परसात गेली. धाकूनं फळं केव्हाच उतरवली होती, झाड भकास दिसत होतं. ती कोयता आणायला वळली, तर दारात दर्शना उभी.

“झाडावर कशाला राग काढतेस, आये?”

“नको मना ते.”

“राहू दे. माझं पोर खाईल की. त्याला कुठं कॅप्सूल घ्यायचीये?”

सखुबाईला हसू येईना, रडूही येईना. तिनं कोयता भिंतीला टेकवला आणि आत जाऊन दह्याची वाटी आणली. दर्शना ओट्यावर बसून खाऊ लागली. सखुबाई समोर बसली. ती लेकीच्या तोंडाकडं बघत नव्हती, हाताकडं बघत होती. चमचा वाटीच्या काठाजवळून गेला. वाजला नाही. पुन्हा गेला.

“असं काय टक लावून बघतेस?”

“काय नाय,” सखुबाई म्हणाली. “तू खा.”