न दिसणारी चौकट

"तुम्ही शेवटचं खोटं कधी बोललात?"

मित्रांनो, दचकू नका. हा प्रश्न माझ्या पोटात लिहिलेला आहे. मी एक जुनी चौकट आहे. वेबसाइट उघडली की टुणकन उडी मारून मधोमध येते ना, तीच. माझं वय तीन आठवडे. हसू नका, आमच्यात याला म्हातारपण म्हणतात.

मला एका शाळकरी मुलीने घडवलं. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. दुकानाची वेबसाइट तिनेच बनवली होती. त्या वेबसाइटवर 'दुरुस्तीची वेळ ठरवा' असं हिरवं बटण होतं आणि ते दाबून रोज चार-पाच गिऱ्हाइकं यायची. मग मैत्रिणींनी तिला डिवचलं, "एवढी शहाणी ना तू? मग बाबांच्या गिऱ्हाइकांना हा प्रश्न विचारून दाखव!"

पोरगी कसली मागे हटते! एका दुपारी मी तयार. निळी किनार, गोल कोपरे, खाली 'बंद करा'. मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. मला तर आकाश ठेंगणं झालं.

बाबा हसले. "असू दे गंमत. पण बाकीचं नीट चालतंय ना? तपासलंस?"

"हो बाबा, सगळं तपासलं!"

तिने फक्त मी दिसेनाशी होते एवढंच पाहिलं होतं.

खरी गोम तिथेच होती. 'बंद करा' दाबल्यावर मला पानावरून काढून टाकायला हवं होतं. ती एक ओळ तिने लिहिलीच नाही. तिने मला नुसतं पारदर्शक केलं. मी काचेसारखी पानभर पसरून बसून राहिले, हिरव्या बटणावरसुद्धा. लोक बटण दाबायचे आणि टिचकी पडायची माझ्या छातीवर. कोणी तर सतरा वेळा दाबलं. मग तेही गेले. "अहो, थांबा!" असं ओरडावंसं वाटायचं. पण मला एकच वाक्य येत होतं आणि तेही कुणाला दिसत नव्हतं.

दुकानातल्या संगणकावरून मी सगळं ऐकत होते. बाबांचं भिंग आणि चिमटे टेबलावर नुसते पडून असायचे.

"आजही कोणी नाही?" आईने विचारलं.

"जुनं दुरुस्त करतंय कोण हल्ली! या महिन्याअखेर दुकान बंद करू या."

मुलीलाही ते खरं वाटलं. मला मात्र माहीत होतं, आणि मी काहीच करू शकत नव्हते. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

मग एका सकाळी मागच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशी आल्या. गजराचं घड्याळ टेबलावर आपटत म्हणाल्या, "अहो, तुमचं ते बटण दाबून बोट झिजलं माझं! दुकान चालू आहे की नाही?"

मुलीने मला बंद करून ते बटण दाबून पाहिलं, तर काहीच झालं नाही. तिने पानामागचा कोड उघडला आणि मी सापडले. राहिलेली ओळ लिहायला तिला अर्धं मिनिट लागलं. अर्धं मिनिट, मित्रांनो! तेवढ्यासाठी तीन आठवडे गेले. आम्हाला हौसेने बोलावता, तसा निरोपही नीट द्या. नजरेआड केलं म्हणजे आवरलं, असं नसतं.

बाबांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे इंटरनेटचाच घोळ होता तर!"

नुसती मान हलवली असती तरी ती सुटली असती. पण पडद्यावर माझा प्रश्न पुन्हा उघडला होता. तिने तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची मागे सारली.

"आई, बाबा, इंटरनेटचा नाही, माझा घोळ आहे. मी तपासलं नव्हतं, तरी हो म्हणाले. आता मी ठरवलंय. या चौकटीतला प्रश्न पुसून तिथे माझं उत्तर लिहिणार. महिनाभर जो येईल, तो आधी माझी चूक वाचेल, मग वेळ ठरवेल. आणि 'बंद करा' दाबलं की ती खरोखर जाईल. मी तपासलंय. पण या, तुम्हीही दाबून बघा."